नवव्या ओळीतली रेघ

अकरा वर्षांपूर्वी मी एका चित्रात एक रेघ ओढली. चित्र माझे नव्हते. ज्यांचे होते त्यांनी मला ते फक्त लाकडी चौकटीवर ताणायला दिले होते. रेघ ओढली ही चूक दोन दिवसांची. पण ती माझी आहे हे मी लपवले, ती चूक मी पुढे अकरा वर्षे रोज करत राहिलो. त्या काळात बाईंच्या घरी मी किती वेळा चहा घेतला असेल, आणि भिंतीवर लावलेल्या त्या चित्राच्या छायाचित्राकडे पाठ येईल अशी खुर्ची किती वेळा निवडली असेल, हे आठवणेही आता नकोसे वाटते. सुमन मौले यांच्याविषयी काही खरे लिहायचे तर सुरुवात माझ्या अपराधापासूनच व्हायला हवी. नाहीतर हे लेखनही त्या रेघेसारखेच होईल.

आम्ही दोघे नाशिकमधल्या एकाच शाळेत चित्रकला शिकवत होतो. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मुले त्यांना मौलेबाई म्हणत, मीही बाईच म्हणे. ठेंगणी, काटक मूर्ती. सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. आणि बोटांची नखे वर्षातले चार महिने निळसर. वर्गात नव्याने आलेल्या मुलींना ते नेलपॉलिश वाटे. ती मोरचुदाची निळाई होती. मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या थोरल्या भावाची, रामदासदादांची, द्राक्षबाग आहे. वडिलांच्या काळात त्या जमिनीत शेवंती आणि भाजीपाला निघे. दादांनी द्राक्षे लावली. ऑक्टोबरमधल्या छाटणीनंतर वेलींवर औषधांचे फवारे सुरू होतात. त्यांतला सर्वांत जुना फवारा मोरचूद आणि चुना कालवलेल्या पाण्याचा. पाने, तारा, खांब, माणसांचे सदरे, सगळे त्या दिवसांत निळसर पांढरे होऊन जाते. आमच्या भागात ते कोणी मुद्दाम थांबून पाहत नाही. बाई पाहत.

त्यांची चित्रे त्या फवाऱ्यांतूनच होत. त्या मालेगावहून आणलेला जाड मांजरपाट खळीत बुडवून वाळवत आणि बागेतल्या एखाद्या ओळीत, वेलींच्या मांडवाखाली, जमिनीवर अंथरत. चार कोपऱ्यांवर चार दगड. मग तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही. वरून औषध निथळे, पहाटे दव ठिबके, गंजलेल्या तारांचे पाणी पडे, पाने गळत, मुंग्या ये-जा करत, कधी एखाद्या मजूरबाईचे पाऊल उमटे. तीन आठवड्यांनी कापड उचलले की चित्र पुरे झाले. मागच्या बाजूला पेन्सिलने ओळीचा क्रमांक लिहायचा. तेच त्या चित्राचे नाव.

"औषध माणसाचं, दव वरचं," त्या म्हणत. "मध्ये कापड ठेवायचं आणि दोघांचं काय बोलणं होतं ते बघायचं. आपण मध्ये बोलायचं नाही."

त्या कापडांवर ओळखीचे असे काही दिसत नसे. निळ्याचे, राखाडीचे, तांबूस गंजाचे थर. कुठे दाट, कुठे विरलेले. एकदा त्यांतल्या एकात मला डोंगरावर उतरलेले ढग दिसले. मी कौतुकाने तसे म्हणालो. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी वर्गात कॉपी करताना सापडलो आहे. "ढग दिसायला लागले की समजायचं, बघून बघून आपण दमलो," त्या म्हणाल्या. चित्राचा अर्थ विचारणाऱ्यांसाठी मात्र त्यांच्याकडे एक ठरलेला प्रश्न होता. द्राक्षं धुऊन खाता का, असे त्या विचारत. समोरचा हो म्हणे. "मग धुतल्यावर जे पाणी खाली जातं ना, ते हे," असे म्हणून त्या कापडाकडे बोट करीत आणि विषय संपवत.

शाळेतही त्यांचे शिकवणे याच वळणाचे होते. एकदा शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. बाईंच्या वर्गात भिंतीवर चाळीस कागद ओळीने लावलेले, आणि एकाही कागदावर चित्र नाही. नुसता मळकट करडा रंग, कुठे कमी, कुठे जास्त. साहेब बराच वेळ फिरून पाहत राहिले.

"मॅडम, हे काय आहे?"

"धूळ आहे, साहेब. आपली शाळा हायवेला लागून आहे. मुलांनी एकेक कोरा कागद खिडकीत ठेवला आठवडाभर."

"आणि मुलांनी काय केलं?"

"मुलांनी हात लावला नाही."

"म्हणजे काहीच केलं नाही?"

"आठवीची चाळीस मुलं आणि आठवडाभर खिडकीतल्या कागदाला एकाचंही बोट नाही," बाई अतिशय आदराने म्हणाल्या. "तुम्ही घरी करून बघा, साहेब. दुसऱ्या दिवशी बोट जातंच."

साहेब हसले आणि पुढच्या वर्गात गेले. मुख्याध्यापक हसले नाहीत. एलिमेंटरीच्या परीक्षेत धुळीला गुण नाहीत, अशी समज त्यांनी नंतर बाईंना दिली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि पुढच्या वर्षी तोच प्रयोग नववीच्या वर्गात केला.

परीक्षेची जबाबदारी त्यामुळे साहजिकच माझ्याकडे आली. मी मुलांकडून स्थिरचित्रे घोटून घेई. माझी पद्धत सर्व चित्रकलाशिक्षकांची असते तीच होती: वर्गातून फिरता फिरता मुलाच्या हातातली पेन्सिल घ्यायची आणि त्याच्याच कागदावर चुकलेली रेघ दुरुस्त करायची. वर्षानुवर्षे असे केल्यावर हात विचारल्याशिवाय पुढे जातो. बाई मात्र मुलांची चित्रे पाहताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहत. त्यांनी कोणाच्या कागदावर खूणही केलेली मी पाहिली नाही. एकदा माझ्या वर्गावरून जाताना त्या दारात थांबल्या. मी एका मुलाने काढलेल्या सुरईची मान सरळ करत होतो.

"देवरे सर, हे चित्र आता कोणाचं?"

"त्याचंच की. मी मान जराशी सरळ केली."

"आणि त्याला दिसलेली वाकडी मान कुठे गेली?"

मुले हसली. मीही हसलो. प्रश्न मला टोचला, पण सुरई आता सुरईसारखी दिसत होती आणि मला तेवढे पुरेसे वाटले.

असे असूनही त्यांची कापडे ताणण्याचे काम त्या माझ्यावर सोपवत. त्यांचे घर दोन खोल्यांचे, आणि मला सुतारकामाची आवड. चौकटी मी बनवायचो, कापड मी ताणायचो, खिळे मी मारायचो. माझ्याइतके सपाट कापड नाशकात कोणी ताणत नाही, असे त्या चारचौघांत सांगत. मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी मुंबईच्या एका कलादालनातल्या बाई चित्रे निवडायला येणार होत्या. मौलेबाईंच्या आयुष्यात असे पहिल्यांदाच घडत होते. त्यांनी आठ कापडे माझ्या घरी आणून दिली आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या हरसूलकडे एका मैत्रिणीच्या घरी आठवडाभरासाठी गेल्या. सात कापडे मी ताणली. आठवे होते नवव्या ओळीतले. आकाराने सर्वांत मोठे. डावीकडे फवाऱ्याचा निळा थर गच्च बसलेला, उजवीकडे जवळजवळ रिकामे. मी ते भिंतीवर टांगून समोर बसलो आणि मला चैन पडेना. सारे चित्र डावीकडे कलत होते. मुंबईहून येणाऱ्या बाईंना हे दिसणारच, असे मला वाटले. उजवीकडे एक रेघ हवी होती. वरून तिरकी येणारी, किंचित वाकलेली, खाली पोहोचण्याआधी थांबणारी. ती मला इतकी स्पष्ट दिसत होती की ती तिथे नाही हीच चूक वाटू लागली.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हात चालवण्याची सवय हे माझ्या कृत्याचे अर्धेच कारण होते. सवयीने मी पेन्सिल किंवा ब्रश घेतला असता. मी तसे केले नाही. मी वेल बांधायची गंजलेली तार शोधून आणली. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवला. कापड ओले केले, तार त्या पाण्यात बुडवून मला हवी तशी वाकवली, कापडावर ठेवली, वर जुन्या पुस्तकांचे वजन ठेवले आणि दोन दिवस वाट पाहिली. तार उचलली तेव्हा खाली निळ्या कडांची तांबूस रेघ उमटली होती, दोन ठिकाणी तुटलेली. माणसाच्या हाताचा तिच्यावर कुठे मागमूस नव्हता. मी तो ठेवलाच नव्हता.

मौलेबाई आल्या की त्यांना लगेच कळेल, त्या रागावतील, मी कान पकडीन, असे मी मनाशी धरले होते. त्या आल्या. सातही कापडे पाहून आठव्यासमोर थांबल्या. कितीतरी वेळ. बाहेर माझी पत्नी चहाचे कप मांडत होती, त्यांचा आवाज मला अजून आठवतो.

"ही कधी आली?" त्यांनी विचारले.

माझ्या तोंडातून शब्द फुटण्याआधी त्यांनी स्वतःच उत्तर दिले. "उचललं तेव्हा ओलं होतं. वाळल्यावर वर आली असणार. तार टेकली असेल कापडाला एखाद्या रात्री. होय ना?"

"असेल," मी म्हणालो.

माझे सारे खोटे त्या एका शब्दाचे आहे.

चार दिवसांनी मुंबईच्या बाई आल्या. शाळेच्या चित्रकक्षात आम्ही कापडे लावली होती. शेवटची चौकट अडकवून मी हातोडी घेऊन बाजूला उभा होतो. त्यांनी सात चित्रे सभ्यपणे पाहिली आणि नवव्या ओळीपाशी त्यांचा चेहरा बदलला. "ही रेघ कोणी काढली?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही," मौलेबाई म्हणाल्या.

हे दोन शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा जसा उजळला तसा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तेव्हा बोललो असतो तर एका निवडीवर पाणी पडले असते, एवढेच. मी बोललो नाही.

चित्र मुंबईला गेले आणि तिथेच एका संग्रहात राहिले. एका वृत्तपत्रात त्यावर लेख आला; त्यात सगळा भर त्या रेघेवर होता. माणूस बाजूला झाला की निसर्ग स्वतः रचना करतो, याचा हा पुरावा असल्यासारखे त्या लेखकाने लिहिले होते. तो लेख बाईंनी मला वाचून दाखवला. मी ऐकत होतो आणि मला लाज वाटत होती. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होते, आणि ते ओळखायला मला पुष्कळ वर्षे लागली. तो आनंद होता. आयुष्यभर मी हजारो रेघा ओढल्या आणि त्यांतल्या एकाच रेघेवर कोणी लेख लिहिला. बाईंचे मन दुखावू नये म्हणून मी गप्प आहे, असे मी स्वतःला सांगत असे. त्यात थोडे तथ्यही होते. पण ती रेघ कोणी माझ्याकडून काढून घेऊ नये, असेही मला वाटत होते.

त्यानंतर बाई बदलल्या. आधी त्या कापड अंथरत आणि जे येईल ते घेत. आता त्यांना एक गोष्ट हवी होती. दर वर्षी छाटणीनंतर त्या नवव्या ओळीत कापडे अंथरू लागल्या, फक्त नवव्या ओळीत. त्या सालचे औषध, त्या सालचे प्रमाण, त्या सालच्या तारा. रामदासदादांना त्यांनी बजावले की या ओळीतली गंजकी तार बदलायची नाही. दादा थट्टेने घेत. "सुमे, बाकीच्या ओळीत द्राक्ष लागतात, ह्या ओळीत तुझी चित्रं लागतात," ते म्हणत. "बघ, एखादा घड मिळाला तर आमच्याकडं टाक." बाई हसून सोडून देत. तीन आठवड्यांनी कापड उचलत, उन्हात धरत, उजव्या बाजूवरून नजर फिरवत आणि घडी घालून पेटीत ठेवून देत. प्रदर्शनासाठी कोणी चित्रे मागितली तर म्हणत, "अजून नाही. ती रेघ एकदा परत आली की मग."

मी त्यांना सांगायला दोनदा निघालो. एकदा त्यांच्या दारापर्यंत पोहोचलो. त्यांनी दार उघडताच तारेचे तीन तुकडे माझ्यासमोर धरले आणि कोणत्या जाडीची तार दवाने लवकर गंजते हे मला विचारू लागल्या. त्यांनी वहीत निरीक्षणे लिहिली होती. मी वही चाळली, दोन सूचना केल्या आणि परत आलो. त्या सूचना नीट विचार करून केलेल्या होत्या, हे त्यातले सर्वांत वाईट.

दुसऱ्यांदा मी ठरवले होते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. समारंभ संपल्यावर बोलायचे. पण समारंभातच त्यांनी भाषण केले. त्या कधी भाषण करत नसत. मुलांना उद्देशून त्या म्हणाल्या, की माणसाला प्रत्येक गोष्टीत बोट घालायची सवय आहे, नदीत, डोंगरात, मातीत. पण एकदा, फक्त एकदा, मी बाजूला राहिले आणि मला उत्तर मिळाले. "माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आपले देवरे सर साक्षीला आहेत. त्यांनीच ते कापड ताणलं." सारे सभागृह माझ्याकडे वळले. मी मान डोलावली. पुढच्या रांगेतली मुले टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर मी सांगण्याचा विचारच सोडून दिला. भेटी कमी केल्या. आपण एखाद्या माणसाला टाळू लागतो तेव्हा त्याची कारणे किती लवकर सुचतात, याचे मला आश्चर्य वाटे.

तीन वर्षांपूर्वी दादांनी जुनी बाग काढली. वेली थकल्या होत्या. त्यांच्या मुलाने, गणेशने, त्या जागी नवी जात लावली. बाईंच्या हट्टापायी नववी ओळ तेवढी राहिली. नव्या, हिरव्यागार, ताठ मांडवांच्या मधोमध एक काळवंडलेली, झुकलेली ओळ; तिच्या तारा लोंबत होत्या. बाई तिथे जुनेच औषध मारायला लावत. नव्या औषधाने डाग वेगळे पडतील, असे त्यांचे म्हणणे होते.

गेल्या हंगामात एके सकाळी बाईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "देवरे सर, बागेत या. दादा ओळ काढतोय. तुमचं तो ऐकेल."

मी गेलो. उन्हे नुकती आली होती आणि पानांवर अजून दव होते. नवव्या ओळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा, मागे जाड साखळी. गणेश ट्रॅक्टरवर बसलेला, कोणाकडेही न पाहणारा. ओळीत खाली बाईंचे कापड अंथरलेले होते आणि बाई त्याच्या अलीकडे, वाट अडवून उभ्या होत्या. दादा माझ्याकडे आले. त्यांनी एक पान माझ्या हातात दिले.

"हे बघा सर. गणेशच्या बागेतलं हाय. वरून तेलकट डाग, उलटं करा, खालून पांढरं. डावणी रोग हाय हा. घडावर उतरली की माल गेला. दुसरं साल हाय हे."

"सगळ्यांच्याच बागेत आहे या वर्षी," बाई म्हणाल्या.

"पण आपल्याकडं इथून सुरू होती, सुमे. ह्या ओळीतून. हिला नवं औषध मारायचं नाय, तारा बदलायच्या नाय. मी कधी नाय म्हटलं का तुला? पण पोराचं बघायला लागंल ना आता."

"एवढा एक हंगाम, दादा."

"दर साली एक हंगाम म्हणती तू."

"या वर्षी दव तसंच पडतंय. त्या वर्षीसारखं. मी रोज पहाटे बघतेय." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सरांना विचार. त्यांनी ती रेघ जवळून पाहिलीय. माझ्यापेक्षाही आधी."

दादांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, थकवा होता. "बरं. सर, तुम्ही त्यातले जाणकार. तुम्ही सांगा. ती पुन्हा उमटल असं तुम्हाला वाटतं का? हो म्हणा, पोराला मी थांबवतो. औषधाचं काय ते बघू. नाय म्हणा, आत्ता साखळी लावतो."

गणेशनेही तेव्हा मान वळवली. तिघांच्याही नजरा माझ्यावर होत्या. मला आठवते, मी पुन्हा एकदा पर्याय शोधू लागलो होतो. सांगता येत नाही, असे म्हणता आले असते. निसर्गाचे कोणी सांगावे, असेही म्हणता आले असते, आणि ते बाईंच्या तोंडचेच वाक्य वाटले असते. हातातले पान मी उलटे केले. त्याच्या खालच्या बाजूची पांढरी बुरशी माझ्या बोटाला लागली.

"नाही उमटणार," मी म्हणालो. "तेव्हाही उमटली नव्हती. ती मी काढली होती."

बाईंच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आले नाही. मग त्यांनी विचारले, अगदी वर्गात विचारत तशा स्वरात, "कशानं?"

"बांधणीच्या तारेनं. मोरचूद-चुन्यात बुडवून. ओल्या कापडावर दोन दिवस ठेवली."

"वर वजन?"

"पुस्तकं ठेवली होती."

"किती?"

"तीन चळती. शेजारी शेजारी."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणून ती दोन ठिकाणी तुटलीय. फटी होत्या पुस्तकांमध्ये."

"हो."

त्या दोन तुटलेल्या जागांवर त्यांनी वहीची कितीतरी पाने भरली होती. मी ती वाचली होती.

दादा खाली बसले. "सर," ते हळूच म्हणाले, "दोन सालं गेली ओ पोराची. आधी बोलायचं की." गणेशने मान पुन्हा समोर वळवली, आणि ते मला जास्त लागले.

बाई वाकल्या. चारही कोपऱ्यांवरचे दगड बाजूला केले, कापड गोळा करून छातीशी धरले आणि वाटेतून दूर झाल्या. "दादा, लाव साखळी," त्या म्हणाल्या.

पहिले खोड उपटले गेले तेव्हा जमीन थरारली. तारा ओढल्या जाऊन एकमेकींत गुंतल्या. मी तिथून निघून जाऊ शकलो असतो. मी गेलो नाही, हे धैर्य नव्हते. बाई बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडकडे गेल्या होत्या. काही वेळाने मीही तिकडे गेलो.

त्यांनी पेटी उघडली होती. अकरा वर्षांची कापडे तिच्यात घड्या घालून ठेवलेली. एकेक काढून त्या शेडसमोरच्या मोकळ्या जमिनीवर पसरत होत्या. एकावर मध्यभागी निळ्याचा असा खोल डोह की त्यावरून नजर निघेना. एकावर मुंग्यांच्या वाटा, केसासारख्या बारीक, कडेपासून कडेपर्यंत. एकावर कोणाची तरी पाच बोटे आणि त्यांवर साचून पसरलेला गंज. मी त्यांतले एकही आधी पाहिले नव्हते.

"ही मी बघितलीच नाहीत," बाई म्हणाल्या. माझ्याशी नाही, कोणाशीच नाही. "फक्त ती आहे का, एवढंच बघून घडी घालत होते."

त्या गुडघे टेकून एका कापडाशी वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवलेला. साडीला ओली माती लागली होती. पलीकडे ट्रॅक्टर पुढे जात होता, थांबत होता, पुन्हा पुढे जात होता. मला तिथे उभे राहून कळले की मी तासाभरापूर्वी खरे सांगितले होते, पण माफी मागितली नव्हती. खरे सांगणे दादांच्या प्रश्नाने माझ्याकडून ओढून काढले होते. माफी माग, असे कोणी म्हटले नव्हते; ती मला आपणहून मागायची होती. मी त्यांच्या समोर, कापडाला पाय लागणार नाही अशा बेताने, मातीत बसलो.

"बाई," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिले नाही, पण त्यांचा हात कापडावरून फिरायचा थांबला.

"मी तुमच्या कामात हात घातला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुम्ही शोधत राहिलात आणि मी बघत राहिलो, वर तुम्हाला मदतही केली. ही सगळी तुमची वर्षं होती. मी चुकलो, बाई. मला माफ करा."